अमावस्येची साखर

अकरा जून. ओपीडी सुरू व्हायला अर्धा तास होता आणि मी वजनकाट्यावर पाण्याचे कॅन चढवत होते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वर रिकाम्या कॅनचं वजन. ते मी कॅनवरच मार्करने लिहून ठेवलंय. दोन कॅन ठेवले की काटा खरा आहे की नाही ते कळतं. महिन्यातून एकदा हे काम मी स्वतः करते, शिपायाला सांगत नाही. काट्यावर चढताना बायकांचे चेहरे कसे होतात ते मी रोज बघते. निदान आकडा तरी चुकीचा असू नये.

मी आहारतज्ज्ञ. बेळगावातल्या एका प्रसूती रुग्णालयात चोवीस वर्षं काम करते आणि गुरुवारी निपाणीच्या एका दवाखान्यात बसते. लोक 'डायटवाल्या बाई' म्हणतात. माझ्याकडे गरोदर बायका येतात, त्यातही गरोदर राहण्याआधीपासून ज्यांचं वजन बरंच जास्त आहे अशा. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, 'वजन जास्त, आहार सल्ला द्यावा.' ती चिठ्ठी हातात धरून बाई आत येते तेव्हा वर्गात दंगा केल्याबद्दल हेडमास्तरांकडे पाठवल्यासारखी दिसते.

म्हणून माझ्या खोलीत काही गोष्टी मी हट्टाने करून घेतल्या आहेत. खुर्च्या बिनहाताच्या आहेत. हाताच्या खुर्चीत मोठ्या अंगाची बाई अडकून बसते आणि उठायचं कसं याच काळजीत राहते; मी काय सांगते ते तिला ऐकूच येत नाही. रक्तदाब मोजायचा पट्टा मोठ्या मापाचा आहे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब उगाच जास्त दिसतो आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. काट्याचा आकडा माझ्या बाजूला दिसतो. पूर्वी आमच्याकडे एक आया होत्या, त्या बाराखडी म्हटल्यासारखं ठणठणीत आवाजात वजन सांगायच्या आणि पलीकडच्या बाकावरचे नवरेसुद्धा मान वर करायचे. ते मी पहिल्या महिन्यातच बंद केलं.

तर त्या अकरा जूनला पहिला नंबर रेणुकाचा होता. वय एकतीस, उंची पाच फूट एक इंच, वजन चौऱ्याण्णव किलो, चौथा महिना. खासबागचं विणकर घर. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आणि मागच्या पडवीत साड्यांना खळ देऊन घड्या घालायचं काम. सोबत सासू होत्या, शांताक्का. बारीक, काटक, बोलायला खणखणीत. रेणुकाचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. कशाने ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्या खेपेला साखर कोणी तपासलीही नव्हती. या वेळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत तपासली. उपाशीपोटी एकशे अठरा. गरोदरपणात पंच्याण्णवच्या खाली हवी. पोटातल्या बाळासाठी ही साखर उतरणं गरजेचं होतं आणि ते काम माझ्यावर आलं होतं.

माझ्या धंद्यातलं मुख्य हत्यार एक प्रश्न आहे. 'कालचं सांग.' उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते विचारायचं. 'तू साधारण काय खातेस' असं विचारलं तर बाई आदर्श बाईचा आहार सांगते. काल विचारला तर खरा निघतो.

"कालचं सांग, रेणुका."

"सकाळी च्या. बिनसाखरंचा. मग एक भाकरी आन् मेथीची भाजी. दुपारी एक भाकरी, वाटीभर भात, आमटी. सांजंला परत च्या. रात्री एक भाकरी आन् वांगं."

"आणि मधे?"

"मधे काय न्हाय."

"शेंगा? भडंग? बिस्कीट?"

"न्हाय ओ आक्का."

शांताक्का मधे पडल्या. "कायसुदिक खात न्हाय ओ ही. नुसती वाऱ्यावर वाढतीया."

मी हसले, पण मनात म्हटलं, बघू.

हे 'बघू' कुठून येतं ते सांगते. निपाणीला माझ्याकडे एका तंबाखू व्यापाऱ्याची सून यायची. 'दोन फुलके आणि काकडी' असं सांगायची आणि दर पंधरवड्याला तीन किलो वाढायची. आमच्या सीमाभागात गरोदर बाईला नात्यातल्या बायका बुत्ती आणतात. बुत्ती म्हणजे शिदोरी. टोपल्यात पोळ्या, कडबू, भाकरी, तीन तऱ्हेच्या चटण्या, दहीभात, डिंकाचे लाडू. मावशी आणते, आत्या आणते, चुलत जावेची आई आणते. या सुनेच्या घरी महिन्याभरात अकरा बुत्त्या आल्या होत्या. ते तिने सांगितलंच नाही. का, तर 'ते जेवण नव्हं, ते आहेर हाय.' त्या घरी मी बुत्ती बंद करा म्हणाले नाही. तसं म्हटलं असतं तर अकरा घरांशी भांडण झालं असतं. प्रत्येक बुत्तीतलं एक ताट तिने खायचं आणि बाकीचं त्याच दिवशी गल्लीत वाटायचं, असं ठरवलं. गल्ली खूश झाली. वजन थांबलं.

उलट्या टोकाचीही पाहिली आहे. एक शाळामास्तरीण आली ती वही घेऊनच. कोणीतरी तिला 'एवढं वजन घेऊन पोर कसं काढणार' असं ऐकवलं होतं, म्हणून तिने गरोदरपणातच दहा किलो कमी करायचा बेत केला होता. सकाळी ताक, दुपारी कोशिंबीर, रात्री पुन्हा ताक. मी लघवी तपासायला पाठवली तर शरीर स्वतःची चरबी जाळून चाललंय याच्या खुणा निघाल्या. त्या बाळाला चांगल्या नाहीत. तिला मी सरळ सांगितलं, "बारीक व्हायचं ते बाळंतपणानंतर. हे नऊ महिने वजन कमी करायचे नाहीत, वाढ आवरायची."

याच दोन वाक्यांत माझं सगळं शास्त्र आहे. जिचं वजन आधीच जास्त आहे तिचं नऊ महिन्यांत साधारण पाच ते नऊ किलो वाढलं तरी पुरे. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीच लागत नाही. पुढे दिवसाला एखादी भाकरी आणि वाटीभर घट्ट आमटी, एवढंच. दोन जिवांची आहे म्हणून दोन ताटं नव्हेत. त्यातला दुसरा जीव पाचव्या महिन्यातही वांग्याएवढा असतो. ताटाचं अर्धं अंग भाजी-कोशिंबिरीचं, पाव भाकरीचं किंवा भाताचं, पाव डाळ-उसळ-अंडी-मासळीचं. जेवल्यावर दहा मिनिटं चालायचं. चहा जेवणाबरोबर नको. यातलं काहीही अवघड नाही. अवघड असतं ते बाई घरी नेमकं काय करते ते शोधून काढणं. मला त्यातच गोडी आहे, हे कबूल करते.

रेणुकाला मी हेच सांगितलं. घरी साखर मोजायचं यंत्र घ्यायला लावलं आणि एक वही दिली. पंधरा दिवसांनी आली. साखर तशीच. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन सुरू केलं. रेणुका मुकाट्याने सुई टोचायला शिकली. पुन्हा पंधरा दिवसांनी आली. उपाशीपोटी एकशे दहाच्या पुढे, जेवणानंतर एकशे सत्तर. वजन मात्र फार वाढलेलं नव्हतं. कालचं सांग म्हटलं तर तेच. भाकरी, भाजी, आमटी, बिनसाखरेचा चहा.

आकडे आणि ताट जुळेनात. आकडे जुळले नाहीत की माझ्या धंद्यात एकच समज आहे, बाई लपवते आहे. आणि जाड बाई असेल तर ती समज शंका न राहता निकालच होते. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

मी म्हणाले, "रेणुका, साखर आभाळातून पडत नाही."

"मी खोटं बोलत न्हाय, आक्का."

"मी तुला खोटी म्हटलं नाही. पण मशीन खोटं बोलत नाही."

"मग म्हनलाच की." तिने वही मिटली, पिशवीत ठेवली आणि बिनहाताच्या खुर्चीवरून उठून गेली. शांताक्का पाठोपाठ. जाताना त्या म्हणाल्या, "माझ्या घरात झाकून खायला ठिवायला कपाट न्हाय, बाई."

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, घरी काहीतरी खाते, सांगत नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास. त्यांनी इन्सुलिन वाढवलं. वाढवल्यावर साखर बरीच उतरली आणि मी त्या आठवड्यात निश्चिंत झाले.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका दुपारी पाचच्या सुमाराला फोन आला. रेणुकाचा भाऊ, कडोलीहून. ती माहेरी आली होती. "मॅडम, आक्का घामानं भिजलीया, बोलतीया ते कळंना." मी विचारलं, गिळता येतंय का? येतंय म्हणाला. साखरेचं पाणी पाज, पुन्हा पुन्हा पाज आणि गाडीत घालून आण. निघायच्या आधी मोजली तेव्हा साखर बावन्न होती. इन्सुलिन जास्त झालं की असं होतं. आईसाठी हे धोक्याचं आणि पोटात सहाव्या महिन्याचं बाळ.

रुग्णालयात आली तोवर सावरली होती. बाळाचे ठोके डॉक्टरीणबाईंनी तिलाच ऐकवले, मोठ्या आवाजात. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी कॉटशी उभी होते. थोड्या वेळाने वळून म्हणाली, "आक्का, आज पुरनाच्या पोळ्या खाल्ल्या मी. दोन. तूप घालून. तुमाला सांगते, झाकून न्हाय ठेवलं."

"पोळ्या खाल्ल्यास?"

"व्हय. अवस हाय न्हवं आज. भाकरी खाल्ली तर साखर वाढतीया आन् पोळी खाल्ली तर चक्कर येतीया. माझं मलाच कळंना, तर तुमाला काय सांगू?"

मी तिची वही मागून घेतली. घरी नेली नाही, तिथेच खिडकीशी बसून वाचली. दोन महिन्यांचे आकडे, दिवसाला चार. आतापर्यंत मी फक्त सरासरी बघत होते. आता एकेक दिवस बघितला. जुलैतली अमावास्या: साखर चांगली. तिच्या दुसऱ्या दिवशी: वाढलेली. मधे एकदा भावाच्या घरी दोन दिवस राहिली होती, आकड्यांशेजारी बेंदूर-सणाचं गोडधोड लिहिलेलं: साखर चांगली. परत खासबागला आली, भाकरी आणि मेथी: वाढलेली.

म्हणजे ती सगळं खरं लिहीत होती. साखर चढत होती ती जेवणाने नव्हे. आमच्याकडे शहापूर, वडगाव, खासबागला अमावास्येला माग बंद ठेवतात. त्या दिवशी पडवीतलं खळीचं कामही बंद. ती माहेरी गेली की अर्थातच बंद. कामाच्या दिवशी साखर वर, सुट्टीच्या दिवशी खाली. काम केल्याने साखर उतरते असं मी चोवीस वर्षं सांगत आले होते. हिचं नेमकं उलटं. मला राग येत नव्हता, लाजही पूर्ण आलेली नव्हती. मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन लगेच कमी केलं. मी त्यांना म्हणाले, मला एक सकाळ द्या, मी तिच्या घरी जाऊन बसते. सहसा मी पेशंटच्या घरी जात नाही. लोक ताट सजवतात आणि खरं काही दिसत नाही. पण त्या सोमवारी साडेसातला मी खासबागच्या गल्लीत होते.

माग सुरू होता. माग सुरू असलेल्या घरात बोलायचं नसतं, ओरडायचं असतं. शांताक्कांनी दारातच विचारलं, "तपासणीला आलासा?"

"नाही, बघायला आले."

"बघा की. डबं उघडून दावू का?" आणि त्यांनी खरंच डबे उघडले. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, साखर अगदी तळाला. वर म्हणाल्या, "कपाट न्हाय म्हनलं हुतं न्हवं?"

मी पडवीत एका गोणीवर बसले. रेणुका आठ वाजता भाकरी-भाजी खाऊन आली. मी पाहिलं, एकच भाकरी. मग काम सुरू झालं. एका मोठ्या पातेल्यात खळ शिजत होती. मक्याचं पांढरं पीठ पाण्यात कालवून शिजवतात, त्यात साड्या बुडवून पिळतात, वाळवतात आणि घड्या घालतात. साडीला कडकपणा येतो तो त्याने. खडेबाजारच्या दुकानात साडी उलगडताना जो करकर आवाज येतो तो हाच. रेणुका घड्या घालायला बसली. तिच्या उजव्या हाताला त्या पिठाचं उघडं पोतं. पावसाळी हवेने पिठाचे खडे झालेले.

पहिल्या दहा मिनिटांत मला काही दिसलं नाही. मग दिसलं. घडी घालून झाली की तिचा हात पोत्यात जायचा आणि तोंडाकडे जायचा. बघायचीसुद्धा नाही. सुपारी तोंडात टाकावी तसं. पुढची घडी. पुन्हा हात.

मी उठून तिच्यासमोर बसले. "तोंडात काय आहे?"

"काय न्हाय."

"उघड बघू."

तिने लहान मुलीसारखं तोंड उघडलं. जिभेवर पांढरं.

"खळीचं पीठ हाय ओ. चघळती जरा."

"रोज?"

"बसलं की हात जातोय."

"मला सांगितलं नाहीस?"

ती खरंच गोंधळली. "तुमी खाल्लं काय म्हनून इचारलासा. हे काय खायचं हाय व्हय? ही तर साडीची खळ."

शांताक्का मागून म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? समद्या बायका खात्यात. पोटुशी असली की आमच्या घरात पोतं लवकर सरतं. मी थोरल्याच्या खेपंला खाल्लं, आमच्या सासूनं खाल्लं. माझी नणंद तर भिताडाची माती खायची."

मग मी माझ्या पिशवीतली मापाची वाटी काढली. रेणुकाला सांगितलं, आज तोंडात टाकायचा तो प्रत्येक खडा या वाटीत टाक. तोंडात नको. ती हसायला लागली. पण दुपारी एक वाजेपर्यंत वाटी भरली होती आणि दुसरी अर्धी झाली होती. दीड वाटी कच्चं पीठ. अडीच भाकऱ्यांइतकं, जेवणाव्यतिरिक्त, आणि ते फक्त अर्ध्या दिवसाचं. संध्याकाळी उरलेल्या साड्यांच्या घड्या घालताना आणखी. कच्चं पीठ सावकाश पचतं, पहाटेपर्यंत साखर सोडत राहतं. उपाशीपोटीचा आकडा का उतरत नव्हता ते कळलं. वाढवलेलं इन्सुलिन या पिठासाठी होतं. पीठ नव्हतं त्या दिवशी ते तिच्याच अंगावर आलं.

पण खरी गोष्ट याच्याही मागे होती आणि ती माझ्या हातात जूनपासून होती. माती, खडू, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, खळ, हे खावंसं वाटणं म्हणजे पुष्कळदा रक्तात लोह कमी असतं. हे मी नर्सिंगच्या मुलींना फळ्यावर लिहून शिकवते. दवाखान्यात परत आले आणि रेणुकाचा कागद काढला. पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन आठ. अकराच्या वर हवं. आकडा माझ्या बोटाच्या अंतरावर छापलेला होता. मी वजन वाचलं, साखर वाचली आणि पान उलटलं. लोहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, त्या ती चहाबरोबर घेत होती. चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणजे न घेतल्यासारख्याच. किडमिडीत बाई समोर असती तर मी पहिल्यांदा तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या असत्या. मोठ्या अंगाच्या बाईला रक्त कमी असेल असं आपल्या डोक्यातच येत नाही. भरलेलं अंग म्हणजे भरलेलं पोट, एवढाच हिशोब. माझाही तोच निघाला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन मी सांगितलं, "ती लपवत नव्हती. मी नीट वाचलं नाही." त्या म्हणाल्या, "आठ आकडा मीही वाचला होता. गोळ्या लिहिल्या आणि विसरले." मग दोघी कामाला लागलो. शिरेतून लोह द्यायचं ठरलं, आठवड्यातून दोनदा.

रेणुकाची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ओ. मला तरी कुठं ठाऊक हुतं?" ती मोठ्या मनाची आहे. मी तिच्या जागी असते तर एवढ्यावर सोडलं नसतं.

पोतं घरातून हलवता येत नव्हतं, घर त्यावर चालतं. शांताक्कांनी स्वतःच तोड काढली. पातेलं आणि पोती शेजारच्या जावेच्या पडवीत नेली आणि रेणुकाला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. हाताशी गाजराचे तुकडे आणि मूठभर फुटाणे ठेवले, दाताखाली काहीतरी करकरायला हवं म्हणून. पहिला आठवडा वाईट गेला. एकदा तिने फोन केला, "आक्का, शेजारनं वास येतोय ओ." मी म्हटलं, दार लावून घे. दुसऱ्या आठवड्यात लोहाची तिसरी बाटली चढली. त्यानंतर एक दिवस ती ओपीडीत येऊन बसली आणि जरा नवलाने म्हणाली, "काल जावंच्या पडवीत गेलते. पोतं समोर हुतं. हात गेलाच न्हाय."

हे मी वाचलेलं होतं, शिकवलेलं होतं. डोळ्यासमोर घडताना पाहिलं तेव्हा मात्र पुन्हा पुन्हा तिला तेच विचारत राहिले. नेमकं कधीपासून? वास येतो का? आठवण येते का? शांताक्का कंटाळून म्हणाल्या, "तुमी डायटवाल्या का सीआयडीवाल्या?"

साखर उतरली. सकाळचं इन्सुलिन बंद झालं, रात्रीचं अगदी थोडं राहिलं. वजन पूर्ण नऊ महिन्यांत सात किलो वाढलं. आठवा महिना आला तेव्हा तिने घरात कोणाशी धड बोलणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचाली मोजायची आणि त्याच वहीत लिहायची. मी त्या महिन्यात तिला आहाराचं एक अक्षर सांगितलं नाही. ती दर तीन दिवसांनी यायची, ठोके ऐकायची आणि माझ्या खोलीत पाच मिनिटं नुसती बसून जायची. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. रडली ती अशी की पलीकडच्या वॉर्डातून कोणीतरी विचारायला आलं.

मी बघायला गेले. रेणुका मुलीला छातीशी धरून पडली होती. म्हणाली, "आक्का, हिला तेवढं कालचं सांग म्हनू नका."

ज्यांना गरोदरपणात साखर होते त्यांची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका राहतो. निम्म्याहून जास्त बायका या तपासणीला येतच नाहीत. बाळ झालं, विषय संपला. रेणुका जानेवारीत आली. साखर ठीक, हिमोग्लोबिन अकराच्या वर. वर्षातून एकदा तपासायची, जेवणानंतर चालणं सोडायचं नाही, आणि वजन उतरवायचं असेल तर आता, सावकाश, अंगावर पाजत असताना उपास न करता, एवढं सांगितलं. ती वजनाबद्दल म्हणाली, "बघू." माझाच शब्द. मीही जास्त ताणलं नाही.

मी तिला येताना एक वस्तू आणायला सांगितली होती. शांताक्कांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत खळीच्या पिठाचे चार खडे. "धरा. कशाला पाहिजे हुतं? तुमालाबी डोहाळं लागलं काय या वयात?"

"मुलींना शिकवताना दाखवायला," मी म्हणाले. ते निम्मं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायच्या आधी मी पुडी उघडली आणि एक खडा जिभेवर ठेवला. चावला. करकर वाजला. चव कशाचीच नव्हती, ना गोड ना खारट. मग तो बारीक भुगा होऊन विरघळला, तोंड कोरडं आणि गार झालं, आणि नवी साडी पहिल्यांदा उलगडताना येतो तो वास नाकात चढला. घड्याळात बघून रेणुकासारखीच वहीत वेळ लिहून ठेवली. मग दुसरा खडा उचलला.